अमेरिकेतले लॉक्स, सौंदत्तीची जट : केसांवर हक्क कुणाचा?

१० नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका माणसाच्या केसांवरून सुनावणी झाली. डेमन लँडर हे त्याचं नाव. लुइझियाना राज्यातला, रास्ताफारी पंथाचा. पंथाच्या व्रतापायी जवळजवळ दोन दशकं त्याने केसांना कात्री लावू दिली नव्हती. २०२० मध्ये पाच महिन्यांची शिक्षा भोगून सुटायला जेमतेम तीन आठवडे उरले असताना त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं. रास्ताफारी कैद्यांना केस राखू दिले पाहिजेत, असा अपील न्यायालयाचा २०१७ चा निकाल होता आणि त्याची प्रत लँडरने जवळच ठेवली होती. ती त्याने पुढे केली. रक्षकाने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. नंतर त्याला खुर्चीला बेड्यांनी जखडून डोकं साफ भादरलं.

हे वागणं चुकीचं होतं, यावर तिथे वाद नाही. खालच्या अपील न्यायालयानेही त्याचा कडक शब्दांत निषेध केला, पण भरपाई देता येत नाही म्हणून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयापुढचा प्रश्न एवढाच, की कैद्यांच्या धर्मस्वातंत्र्यासाठी केलेल्या २००० सालच्या कायद्याखाली त्या अधिकाऱ्यांकडून व्यक्तिशः पैसे मागता येतात का. केस तर गेलेच. आता हिशेब उरला तो जबाबदारीचा.

एवढ्या लांबच्या खटल्याची चर्चा बेळगाव-निपाणीकडच्या वाचकासमोर कशाला, असं कुणी विचारेल. तर त्याला कारण आहे. दिसायला अगदी तसेच केस आपल्याकडे सौंदत्तीच्या डोंगरावर दर पौर्णिमेला दिसतात. तिथे माणसं भांडतात ती केस राखण्याच्या हक्कासाठी, आणि आपल्याकडे कार्यकर्ते राबतात ते केस कापण्यासाठी. वरवर बघितलं तर दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. माझ्या मते त्या विरुद्ध नाहीत. पण ते कळायला आधी लॉक्स म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं.

लॉक्स म्हणजे न धुतलेले केस नव्हेत

आफ्रिकी वंशाच्या माणसांचे केस स्प्रिंगसारखे घट्ट वळलेले असतात. ते विंचरून सरळ ठेवले नाहीत, तर एकमेकांत गुंततात आणि त्यांच्या दोऱ्या होतात. त्या दोऱ्या ठरवून, भाग पाडून, सारख्या जाडीच्या वळल्या की झाले लॉक्स. जुना शब्द ‘ड्रेडलॉक्स’. त्यातल्या ‘ड्रेड’चा अर्थ धास्ती, भय. आमच्या केसांत भिण्यासारखं काय आहे, असं म्हणत अनेकांनी तो अर्धा शब्द टाकून दिला. रास्ताफारी मात्र तोच शब्द अभिमानाने मिरवतात. पंथाच्या बाहेरही आता लाखो बायका-पुरुष लॉक्स ठेवतात, कुणी श्रद्धेने, कुणी आवड म्हणून, कुणी केसांशी रोजची मारामारी नको म्हणून.

हे काम एका दिवसाचं नाही. सुरुवातीला कंगव्याने छोटी वेटोळी करतात, किंवा दोन पेडांचा पीळ घालतात. पहिले काही महिने धुतलं की सुटतं, परत वळा. मग दोरीच्या मध्येच गाठीसारखा फुगवटा येतो. आत केस गुंतायला लागल्याची ती खूण. त्यानंतरचा काळ सगळ्यात वाईट. अर्धे केस बसलेले, अर्धे उभे, आरशात बघवत नाही. बरेच जण इथेच कंटाळून सोडतात. साधारण दीड-दोन वर्षांनी दोरी जड होऊन खाली पडायला लागते. केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, तेव्हा कमरेपर्यंतच्या लॉक्सना किती वर्षं लागली असतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. तिकडे बायका या सगळ्याला ‘प्रवास’ म्हणतात. महिन्या-महिन्याचे फोटो ठेवतात, काय चुकलं ते एकमेकींना सांगतात, तेल कुठलं आणि फडकं कुठलं इथपर्यंत. रात्री साटीनचा रुमाल बांधून झोपायचं, कारण सुती उशीचे तंतू दोरीत अडकतात ते निघत नाहीत. धुवायचे नियमित, मात्र आतपर्यंत वाळवायचे, नाहीतर कुबट वास धरतो. नवीन उगवलेली मुळं चार-सहा आठवड्यांनी परत वळायची, पण फार आवळायची नाहीत. आवळली तर कपाळाकडचे केस कायमचे जातात.

एवढ्या सायासाला ‘अस्वच्छ’ म्हणणारा माणूस सकाळी पाच मिनिटांत भांग पाडून ऑफिसला जातो, ही गंमतच.

या बायका आधी काय करत होत्या, तेही बघायला हवं. तापवलेल्या लोखंडी कंगव्याने नाहीतर कॉस्टिक सोड्यासारख्या दाहक रसायनाने केस सरळ करणं, हा तिथे शंभर वर्षांचा परिपाठ. नोकरीला जायचं तर केस गोऱ्या बाईसारखे दिसले पाहिजेत, हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरलेल्या बायकांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा अंदाजे धोका १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, संशोधकांनीही तसं म्हटलेलं नाही. तरी त्यानंतर कंपन्यांवर हजारोंनी दावे लागले. आपले केस आहेत तसे वाढवायचे, हा निर्णय त्या बाईसाठी नुसता फॅशनचा नसतो, तो असा.

एक शब्द राहिला की कायदा लंगडतो

केसांवर हुकूम चालवायची सवय अमेरिकेत जुनी आहे. लँडरच्याच लुइझियानात, स्पॅनिश अंमल असताना, गव्हर्नर मिरो याने १७८६ मध्ये काळ्या आणि मिश्र वंशाच्या स्वतंत्र बायकांनी केस फडक्याने झाकावेत असा हुकूम काढला होता. बायकांनी काय करावं? त्यांनी रंगीबेरंगी, ठसकेबाज फेटे बांधायला सुरुवात केली. हुकूम पाळला आणि हुकूम काढणाऱ्याचं नाकही कापलं.

हल्लीची गोष्ट घ्या. २०१० मध्ये अलाबामातल्या मोबील शहरात चॅस्टिटी जोन्स या तरुणीला ग्राहकसेवेची नोकरी मिळाली होती. लॉक्स कापले तरच रुजू व्हा, असं सांगितलं गेलं. तिने नकार दिला, नोकरी गेली. सरकारी आयोग तिच्या बाजूने न्यायालयात उभा राहिला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं, की वंश बदलता येत नाही म्हणून त्यावरून भेदभाव करता येणार नाही, पण केसांची ठेवण बदलता येते, ती वंश नव्हे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच घेतलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यू जर्सीत एका शाळकरी कुस्तीपटूला पंचाने दीड मिनिट दिलं. लॉक्स काप, नाहीतर कुस्ती सोड. पोराने मॅटच्या कडेला उभं राहून केस कापून घेतले, आणि कुस्ती जिंकली. आपल्याकडच्या तालमीतल्या वस्तादांनी ती चित्रफीत एकदा बघावी. जिंकल्यावर त्या पोराच्या तोंडावर आनंद कुठेच दिसत नाही.

या आणि अशा प्रकरणांतून ‘क्राउन’ नावाचा कायदा आला. ३ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियात पहिल्यांदा सही झाली, त्याच महिन्यात न्यूयॉर्कने केला, आणि न्यू जर्सीने बरोबर त्या कुस्तीच्या वर्षदिनी, १९ डिसेंबर २०१९ ला. केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स, पीळ यांसारख्या ठेवणीवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करता येणार नाही, असं त्यात आहे. आज पंचवीसहून अधिक राज्यांत तो लागू आहे. देशभरासाठीचं विधेयक मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात २३५ विरुद्ध १८९ मतांनी मंजूर झालं, सेनेटमध्ये अडकलं. फ्रान्समध्येही मार्च २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृहाने अशा विधेयकाला मान्यता दिली.

म्हणजे प्रश्न सुटला? टेक्सासचं बघा. तिथे कायदा १ सप्टेंबर २०२३ ला लागू झाला. त्याच्या आदल्याच दिवशी, ३१ ऑगस्टला, बार्बर्स हिल शाळेतल्या डॅरिल जॉर्ज या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर बसवण्याची शिक्षा सुरू झाली. तो लॉक्स डोक्यावर बांधून यायचा. शाळेचं म्हणणं, बांधलेले असले तरी सोडल्यावर ते भुवया आणि कानाच्या पाळीखाली येतील, आणि मुलांच्या केसांना लांबीची मर्यादा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. कायद्यात लॉक्सचा उल्लेख आहे, लांबीचा नाही, एवढाच मुद्दा. पोराचं जवळजवळ सगळं वर्ष वर्गाबाहेर गेलं.

लॉक्स ठेव, पण लांब ठेवू नको. हे म्हणजे पोहायला परवानगी आहे, पाण्यात उतरायचं नाही. लांबी असल्याशिवाय लॉक्स बसतच नाहीत, हे वर सांगितलंच. कायदा करणाऱ्यांनी केस वळणाऱ्या चार बायकांना विचारलं असतं, तर तो एक शब्द सुटला नसता.

आफ्रिकेतही चित्र एकसारखं नाही. घानात मे २०२१ मध्ये आणि मलावीत मे २०२३ मध्ये उच्च न्यायालयांनी रास्ताफारी मुलांना शाळेत घ्यायला लावलं. म्हणजे जिथे सगळेच काळे, तिथेही शाळांना हे केस नको होते. शिस्तीची कल्पना साहेबाने दिली आणि तो निघून गेल्यावरही ती राहिली. आपल्या शाळांतल्या तेल लावलेल्या दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी आठवल्या, की हे कळायला अवघड जाऊ नये.

खुद्द जमैकात, जिथे १९३० च्या दशकात हा पंथ जन्मला, तिथे एप्रिल १९६३ मध्ये कोरल गार्डन्सच्या दंगलीनंतर पोलिसांनी रास्तांना धरून धरून मारलं, त्यांचे केस कापले. सरकारने माफी मागितली ती २०१७ मध्ये. या जटांचं मूळ १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांत आणि साधूंत आहे, असं काही अभ्यासक सांगतात. गांजा हा शब्द जमैकात आपल्याकडूनच गेला, हे नक्की. जटांबद्दल मात्र एकमत नाही. तेव्हा ‘हे सगळं आपलंच’ अशी छाती फुगवायची घाई नको.

शेजारी सिद्दी आहेत, विसरू नये

आफ्रिकी केस म्हटलं की आपण सातासमुद्रापलीकडे बघतो. खानापूर तालुक्यातून हळियाळ-यल्लापूरकडे गेलं की सिद्दी भेटतात. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या, तिथून घाटातल्या जंगलांत निसटलेल्या माणसांचे हे वंशज. बोलतात कोकणी-मराठीच्या वळणाची भाषा. हैदराबादच्या वाचकांना एसी गार्ड्स हा भाग ठाऊक असेल. निजामाच्या आफ्रिकी घोडदळाच्या नावावरून तो ओळखला जातो. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्यांना त्यानंतर सतराएक वर्षांनी. तालुक्याची हद्द ओलांडली की जात तीच, केस तेच, दाखला मात्र वेगळा. सीमाभागातल्या माणसाला हे दुःख समजावून सांगायची गरज नाही.

त्यांच्या पोरांच्या कुरळ्या केसांवरून वर्गात होणारी चेष्टा आपण ‘गंमत’ म्हणून सोडून देतो. क्राउन कायदा जिथे नाही, तिथे निदान मास्तरांनी तेवढं ऐकून घेऊ नये.

आणि आता जट

इथून पुढे मामला नाजूक आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडून गाड्या भरभरून लोक जातात. देवी कर्नाटकात, भक्तांचा मोठा भाग महाराष्ट्रातला. या श्रद्धेच्या आसपास जट नांदते. एखाद्या बाईच्या केसांत गुंता झाला, तो सुटेना, की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘जट आली’. म्हणजे देवीने बोलावलं. मग विंचरायचं नाही, कापायचं नाही. कापली तर कोप होईल, घरात कुणी दगावेल. वर हळद-कुंकू वाहायचं, तेल सोडायचं. त्याने गुंता आणखी चिकटतो, कडक होतो, आणि जट ‘वाढली’ म्हणून भीतीही वाढते. लहान पोरीला जट आली तर तिला देवीला सोडायची, हा रिवाज होता. १९३४ चा मुंबई प्रांताचा कायदा झाला, कर्नाटकाचा १९८२ चा झाला, महाराष्ट्राचा २००५ चा झाला. तीन कायदे झाले तरी भीती पूर्ण मोडली नाही.

शरीराच्या बाजूने बघाल तर यात गूढ काही नाही. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरले नाहीत तर ते बाहेर पडत नाहीत, वाढत्या केसांतच अडकतात. आजारपण, बाळंतपण, ओल्या केसांचा बांधलेला अंबाडा, उवा, एवढं पुरतं. लॉक्समध्येही नेमकं हेच घडतं, फक्त तिथे ते ठरवून घडवतात. युरोपात पोलंडमध्ये तर एकोणिसाव्या शतकापर्यंत ही ‘साथ’ होती. कापली तर आंधळेपण येईल, वेड लागेल, असं तिथले शेतकरी मानत. क्राकोचे वैद्यकाचे प्राध्यापक योझेफ डीटल यांनी हा रोग नसून केसांची हेळसांड आहे, हे पटवण्यासाठी मोहीम चालवली. पुढे ते त्या शहराचे महापौर झाले. वैद्यकाच्या पुस्तकांत जटेला आजही त्या देशावरूनच नाव आहे, प्लायका पोलोनिका.

फरक भाषेत दिसतो. लॉक्सवाली बाई सांगते, ‘मी अमुक साली सुरू केले.’ आपल्याकडे जट ‘येते’. येणाऱ्या गोष्टीला नाही म्हणायची सोय नसते. लॉक्सवालीला कंटाळा आला तर ती कापून टाकते, चार मैत्रिणी हळहळतात, विषय संपतो. जटवालीची मान दुखते, कुशीवर झोपता येत नाही, डोक्यात किडे होतात, लग्न मोडतं, शेजारीण भिऊन पाया पडते आणि पाठ फिरताच लांब सरते. आणि तिने कापायचं म्हटलं तर सासर, माहेर, भावकी, सगळ्यांची परवानगी लागते. तीच जट साधूच्या डोक्यावर असली की तो पूज्य. नाशिकच्या सिंहस्थात आपण तिचे फोटो काढू. साधूने ती घर सोडताना स्वतः घेतलेली असते, पोरीवर लादलेली असते. हे अंतर नजरेआड करून ‘जट ही आपली संस्कृती, परदेशी लोक तिचं कौतुक करतात आणि आपलेच लोक कापत सुटलेत’ असा सूर अलीकडे ऐकू येतो. मला तो पटत नाही. गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर क्रोशाच्या सुईने दोन दिवसांत ड्रेडलॉक्स करून घेणाऱ्या पर्यटकाच्या कौतुकाने सौंदत्तीच्या बाईची मान हलकी होत नाही.

पण दुसऱ्या बाजूलाही विचारायला हवं. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते जट सोडवतात तेव्हा आधी घरी जातात, तासन्‌तास बोलतात, बाईचा होकार घेतात, मग कात्री काढतात. बहुतेक ठिकाणी तसंच होतं आणि ते काम मोलाचं आहे. बाई नंतर हाताने मोकळी मान चाचपडते, त्यातच सगळं आलं. मात्र उत्तर कर्नाटकातल्या देवदासी सुधारणेच्या मोहिमांत जटा कापण्याला कसं महत्त्व आलं, याबद्दल ल्युसिंडा रॅम्बर्ग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय. यल्लम्माला वाहिलेल्या बायकांमध्ये राहून त्यांनी अभ्यास केला. जट कापली की बाई ‘सुधारली’ असं सुधारक धरून चालतात. तिला स्वतःला जट देवीचंच रूप वाटत असेल, तर तो तिच्या अंगावरचा हात ठरतो. हे वाचताना लँडरची खुर्ची आठवते. हेतू वेगळा, मान्य. कात्री मात्र दोन्हीकडे दुसऱ्याच्याच हातात.

पन्नाशी उलटलेली, आयुष्यभर जग घेऊन फिरलेली जोगतीण ‘माझी जट राहू द्या’ म्हणाली, तर तिची राहू द्यावी, तिच्या डोक्याला औषध द्यावं, पेन्शन द्यावी. शाळकरी पोरीच्या डोक्यात गुंता दिसला, तर मात्र थांबू नये, त्याच दिवशी आईबापांशी बोलावं. तिचा होकार कुणीच घेतलेला नसतो, देवीनेसुद्धा नाही. या दोन टोकांच्या मध्ये ज्या आहेत, ज्यांना कापायची आहे पण भीती वाटते, त्यांच्यावर खरं काम आहे. आणि ते कात्रीने संपत नाही. जट उतरल्यावर पहिल्या सहा महिन्यांत घरात कुणाला साधा ताप आला, म्हैस आटली, नातवाचा हात मोडला, तरी बोट तिच्याकडेच जातं. आशाताई, अंगणवाडीताई, गावातला डॉक्टर, यांनी त्या काळात तिच्या दारात जाऊन यायला हवं. बाई महाराष्ट्रातली आणि देवी कर्नाटकातली असली, की तिचं नाव कुठल्या राज्याच्या वहीत घालायचं यावर कागद अडतो. तिची पहिली पौर्णिमा मात्र ठरल्या दिवशी येते, आणि गावातून सौंदत्तीची गाडी सुटते.